आळशी नव्हे, आजारी



काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक हुशार मुलगा होता. पहिले वर्ष त्याने चांगले काढले. दुसऱ्या वर्षी तो मागच्या बाकावर बसू लागला. प्रश्न विचारला तर उत्तर अर्ध्यावरच थांबे. काम सांगावे तर दारापर्यंत जाईतो विसरे. भर वर्गात मी त्याला म्हणालो, "अरे, इतका आळस बरा नव्हे!" पुढे त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा कळले की त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, झाली आहे. माझे ते शब्द मला आजही टोचतात.

हा आजार काही विरळा नाही. जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो असतो. भास आणि भलते संशय लोकांच्या ध्यानात येतात. पण लक्ष न टिकणे, आठवण न राहणे, विचार मंदावणे हीही त्याच आजाराची अंगे आहेत, आणि पुष्कळदा तीच आधी दिसू लागतात. नेमकी तीच आपण आळसाच्या खाती मांडतो!

पण हा आळस नव्हे, हे कशावरून? जर्मनीत येना येथे हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम टिपल्या. डोक्याला बारीक चकत्या लावतात आणि आतल्या सूक्ष्म विजेचे चढउतार यंत्र रेषांनी दाखवते. यात दुखत नाही. शॉक तर मुळीच बसत नाही.

आता एक प्रयोग ऐका. माणसाच्या हाती पुस्तक देतात आणि कानाशी एकसारखा आवाज वाजवतात: टक्, टक्, टक्. मधेच एखादा निराळा आवाज येतो. माणूस वाचनात गढलेला असला तरी मेंदू त्या फरकाची दखल घेतो, आणि सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्शात एक लहर उमटते. फिनलंडचे रिस्टो नाटानेन व त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली ती दाखवून दिली. गप्पांच्या भरातही इंजिनाचा ठोका चुकला की शेतकऱ्याचा कान टवकारतो ना, तसेच हे.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ही लहर सरासरीने लहान आढळते. येथे तर कोणी मुद्दाम लक्ष देतच नसतो. मग जेथे इच्छेचा भागच नाही, तेथे आळस कोठून येणार?

मात्र एवढ्या एका आलेखावरून आजाराचे निदान होत नाही. ते डॉक्टरांनी रुग्णाशी व घरच्यांशी बोलूनच करायचे असते. औषधांनी भास व संशय पुष्कळ आटोक्यात येतात. स्मरण आणि लक्ष यांवर त्यांचा परिणाम कमी होतो. तेथे सराव आणि घरच्यांचा धीर उपयोगी पडतो. एका वेळी एकच काम सांगा. सावकाश सांगा. लिहून द्या. उत्तराला वेळ द्या. औषध आपल्या मनाने बंद करू नका.

आणि शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, हुशार मूल एकाएकी मागे पडले, एकटे राहू लागले, तर रागावण्याआधी त्याला जवळ बसवून विचारा. घरच्यांना देवऋषीच्या दारी नव्हे, जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवा. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवरही मोफत सल्ला मिळतो.

मी विचारले नाही. तुम्ही अवश्य विचारा.