परक्या लेकरांची वही

(ट्रस्टच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी मी जे नाव निवडले ते ऐकून काही स्नेह्यांनी आश्चर्य व्यक्त केले. जॉर्ज वॉशिंग्टन हे अमेरिकेचे सेनापती आणि पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांच्याविषयी एका कापडाच्या व्यापाऱ्याने काय बोलावे? त्यांच्या लढाया आणि त्यांचा राज्यकारभार हा माझा विषय नाही. मला स्मरण करावयाचे आहे ते एका निवृत्त सैनिकाचे, जो वयाच्या २६ व्या वर्षी दोन परक्या लेकरांचा पिता झाला. आपल्या भाषेत 'सावत्र' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात शंका उभी राहते. ही शंका त्या गृहस्थांनाही ठाऊक होती. किंबहुना तिचे भान ठेवूनच ते सारे आयुष्य वागले.

वॉशिंग्टन ११ वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. पुढे व्हर्जिनियाच्या पलटणीत ते अधिकारी झाले. १७५५ मध्ये सेनापती ब्रॅडॉक यांच्या पराभवाच्या दिवशी त्यांच्याखालचे दोन घोडे गोळ्या लागून पडले आणि अंगरख्यातून चार गोळ्या आरपार गेल्या. देहाला मात्र ओरखडाही उमटला नाही. १७५८ च्या अखेरीस त्यांनी सैन्याचा राजीनामा दिला आणि ६ जानेवारी १७५९ रोजी मार्था कस्टिस या विधवेशी विवाह केला. मार्थाबाईंना दोन अपत्ये होती : चार वर्षांचा जॅकी आणि दोन वर्षांची पॅटसी. त्यांचे पहिले पती डॅनिअल कस्टिस मृत्युपत्र न करता वारले होते. सतरा हजार एकरांहून अधिक जमीन मागे होती. कायद्याप्रमाणे इस्टेटीचे तीन हिस्से झाले, एक विधवेचा हयातीपुरता आणि उरलेले दोन मुलांचे.

श्रोतेहो, येथून पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्या काळी विवाहानंतर पत्नीच्या मालमत्तेचा कारभार पतीच्या हाती येत असे. मुलांचे हिस्से मात्र मुलांचेच. वॉशिंग्टन त्यांचे पालक नेमले गेले आणि जॅकीचे खाते निराळे, पॅटसीचे निराळे, असा हिशेब ते न्यायालयापुढे वर्षानुवर्षे मांडत राहिले. मी बी. कॉम. झालो तेव्हा विश्वस्ताच्या हिशेबांवर आम्हाला पुष्कळ शिकविले गेले. परंतु घरातल्या घरात, एकाच ताटावर बसणाऱ्या लेकरांच्या नावे अशी स्वतंत्र खतावणी ठेवणारा पिता त्या पुस्तकांत मला आढळला नाही.

लंडनच्या आडत्याकडे तंबाखू पाठवायचा आणि त्याच्या मोबदल्यात माल मागवायचा, हा त्या प्रदेशातील मोठ्या जमीनदारांचा व्यवहार. वॉशिंग्टन यांच्या मागणीपत्रांत मुलांच्या वस्तूंची यादी वेगळी असे; मुलाचे वय किती, मुलीचे वय किती, हेही लिहिलेले असे. कपडे, बूट आणि खेळणीसुद्धा! आम्हा कापडवाल्यांना त्यांची एक तक्रार वाचून हसू येईल : लंडनहून येणारा माल इतका जुन्या धाटणीचा असतो की तो पूर्वजांच्या काळीच वापरला गेला असावा, अशा अर्थाचे त्यांनी १७६० मध्ये आडत्याला कळविले. पॅटसीसाठी स्पिनेट नावाचे वाद्य मागविताना तर त्यांनी सुचविले की, हे स्वतःसाठी किंवा मित्रासाठी हवे असे कारागिराला सांगा, परदेशी जाणार आहे हे कळू देऊ नका. कळले तर तो हलका माल गळ्यात मारील, हे त्यांनी ओळखले होते. गिऱ्हाईक हुशार होते आणि हुशारी लेकीच्या वाद्यासाठी होती!

याच पॅटसीला पुढे अपस्माराचे झटके येऊ लागले. वैद्य झाले, औषधे झाली, १७६९ मध्ये बोटात लोखंडी वळे घालण्याचा उपाय झाला, उष्ण झऱ्यांच्या ठिकाणी तिला नेण्यात आले. १७७० च्या उन्हाळ्यात कोणत्या दिवशी झटका आला याची नोंद वॉशिंग्टन पंचांगाच्या समासात करीत होते. जमीन, पीक आणि हवामान टिपणारा हात त्या समासात लेकीचे दुखणे टिपत होता. १९ जून १७७३ रोजी भोजनानंतर झटका आला आणि दोन मिनिटांच्या आत तिची प्राणज्योत मालवली. दुसऱ्याच दिवशी आप्ताला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे कळविले. गव्हर्नरांबरोबर ठरलेला पश्चिमेकडील प्रवास रद्द करून ते पत्नीजवळ राहिले.

जॅकीचे प्रकरण अवघड होते. मुलगा गोड स्वभावाचा, पण अभ्यासात आळशी. त्याच्या शिक्षकांनी, पाद्री बाउचर यांनी, त्याला युरोपच्या प्रवासास पाठविण्याचा आग्रह धरला. वॉशिंग्टन कचरले, कारण खर्च मुलाच्या इस्टेटीतून व्हायचा होता. त्यांचे म्हणणे असे की, जन्मदाता पिता केवळ स्वतःच्या विवेकबुद्धीला उत्तर देतो; पालकाला त्याहून अधिक जपून वागावे लागते, कारण त्याचा हेतू शुद्ध असला तरी त्याच्या चुकीचा लोक वाकडा अर्थ लावतात. माझ्या मते त्यांच्या साऱ्या पितृत्वाचे मर्म या एका विचारात आहे.

पुढे जॅकी सज्ञान झाला. १७७८ मध्ये त्याने ॲबिंग्डन नावाची जमीन घेतली. रक्कम २४ वर्षांनी, चक्रवाढ व्याजासह फेडायची! शेकडा सहा दर धरला तरी या मुदतीत मुद्दल चौपट होते, हे येथील कोणीही सांगेल. युद्धाच्या धामधुमीतून वॉशिंग्टन यांनी त्याला कळवळून लिहिले की, व्हर्जिनियातील इस्टेटीला सरळ व्याजही झेपत नाही, तेथे चक्रवाढ कसे झेपावे? पत्र उशिरा पोहोचले म्हणा किंवा मुलाने ऐकले नाही म्हणा, सौदा झालेला होता.

१७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्याच्या वेळी जॅकी वडिलांचा साहाय्यक म्हणून छावणीत आला, तेथे ज्वराने आजारी पडला आणि ५ नोव्हेंबर रोजी वारला. विजयी सेनापती अखेरच्या घटकेला त्याच्या उशाशी होते. मागे चार मुले राहिली. थोरल्या दोन मुली आईपाशी राहिल्या. धाकटी नेली आणि सहा महिन्यांचा जॉर्ज यांना वॉशिंग्टन दांपत्याने आपल्या घरी वाढविले. त्यांना स्वतःचे अपत्य झालेच नाही.

आता याच वह्यांतील एक काळे पान. कस्टिस इस्टेटीत सुमारे ३०० गुलाम माणसे होती. मनुष्याचे नाव मालमत्तेच्या रकान्यात! नेटका हिशेब कितीही वाखाणला तरी त्या पानापाशी जिभेला खीळ बसते. १७९९ च्या मृत्युपत्रात वॉशिंग्टन यांनी स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांच्या मुक्ततेची तरतूद केली. माउंट व्हर्ननवरील कस्टिसांकडील १५३ जणांना मात्र ते मुक्त करू शकत नव्हते. ते मार्थाबाईंच्या हयातीनंतर वारसांकडे जायचे होते, आणि १८०२ मध्ये गेले. वारसाची ठेव राखण्याचा जो नियम दोन लेकरांना संरक्षण देत होता, तोच नियम या माणसांच्या पायातील बेडी ठरला. मुक्त झालेल्यांपैकी काहींचे जोडीदार आणि मुले त्या १५३ मध्ये होती. त्यांची ताटातूट कोणत्या खात्यावर लिहावी?

शेवटी नेलीविषयी. तिने वॉशिंग्टन यांच्याच भाच्याशी, लॉरेन्स लुईस यांच्याशी विवाह ठरविला. परवान्यासाठी कायदेशीर पालकाची संमती आवश्यक होती. माजी राष्ट्राध्यक्ष, वय ६६, जानेवारी १७९९ मध्ये स्वतः अलेक्झांड्रिया गावी गेले आणि रीतसर तिचे पालक झाले. विवाहाची तारीख २२ फेब्रुवारी, म्हणजे त्यांचाच वाढदिवस. त्या दिवसाच्या रोजनिशीत त्यांनी हवामानाबरोबर थोडक्यात नोंदविले की, दिवेलागणीच्या सुमारास मिस कस्टिस हिचा विवाह झाला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.