मज्जासंस्थेचा उपदंश : शहरात किती, खेड्यात किती?



आजचा विषय संकोचाचा आहे, आणि संकोच हेच या रोगाचे मोठे बळ आहे. लोक ज्याला गरमी म्हणतात आणि भावमिश्रांनी सोळाव्या शतकात ‘भावप्रकाशा’त ज्याचे फिरंग रोग म्हणून वर्णन केले, तो उपदंश शरीरात वर्षानुवर्षे दडून राहतो. काही रुग्णांत तो पुढे मेंदू व मज्जारज्जू यांना ग्रासतो. चालताना तोल जाणे, दृष्टी वा श्रवण मंदावणे, स्मरणशक्ती व स्वभाव पालटणे, अर्धांगवायूचा झटका येणे ही त्याची लक्षणे होत. हा विकार शहरात अधिक की खेड्यात, असा प्रश्न विचारला जातो. राजुरा तालुक्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार फार सावधपणे करावा लागतो.

उपचार न झालेल्या रोगाची गती नॉर्वेमधील ऑस्लो शहराच्या अनुभवावरून कळते. तेथे १८९१ ते १९१० या काळात सुमारे दोन हजार रुग्णांना त्या वेळचे पाऱ्याचे उपचार दिले गेले नव्हते. पुढे त्यांची दीर्घकाळ पाहणी झाली, तेव्हा पुरुषांपैकी ९.४ टक्के आणि स्त्रियांपैकी ५ टक्के रुग्णांची मज्जासंस्था बाधित झाल्याचे आढळले. १९४३ मध्ये अमेरिकेत उपदंशावर पेनिसिलिनचा यशस्वी वापर झाला आणि औषध जेथे वेळेवर पोहोचले तेथे या विकाराचे प्रमाण झपाट्याने घटले. म्हणजे हे प्रमाण वस्तीच्या प्रकारापेक्षा उपचार केव्हा मिळाला यावर अधिक अवलंबून असते.

मग रुग्णालयांच्या नोंदींत शहराचा आकडा मोठा का दिसतो? या विकाराचे निदान केवळ रक्त तपासून होत नाही. पाठीच्या कण्यातील पाणी काढून तपासावे लागते, आणि ती सोय मोठ्या रुग्णालयातच असते. राजुऱ्याचा रुग्ण नागपूरला गेला तर त्याची नोंद नागपूरच्या रुग्णालयात होते. गेला नाही तर त्याची नोंद कोठेच होत नाही. गावात त्याला वेडा किंवा झपाटलेला म्हटले जाते. शिवाय संसर्ग आणि मेंदूचा विकार यांत दहा-वीस वर्षांचे अंतर पडू शकते. राजुरा परिसरात कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. कामासाठी येथे दूरदूरची माणसे येतात आणि येथील माणसे बाहेर जातात. अशा माणसाचा रोग शहराच्या हिशेबी धरावा की खेड्याच्या, हे ठरवणे कठीण आहे.

खेड्यातील रोग मोजला जात नाही म्हणून तो नसतो, असे समजणे चुकीचे ठरते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या.

याच्या उलट चूकही वनप्रदेशात होऊ शकते. कोरापूट, बस्तर, गोदावरी-प्राणहितेचे खोरे आणि जुना चांदा जिल्हा या पट्ट्यात पूर्वी ‘यॉज’ नावाचा त्वचारोग होता. त्याचे जंतू उपदंशाच्या जंतूंचे अगदी जवळचे नातलग. हा रोग लैंगिक संबंधातून पसरत नाही. तो त्वचेच्या स्पर्शाने, मुख्यतः लहान मुलांत पसरे आणि मज्जासंस्थेला सहसा इजा करीत नसे. त्याला कोठे ‘माडिया रोग’, कोठे ‘गोंडी रोग’ म्हणत आणि त्यामुळे दोष एका समाजाच्या माथी बसला. वास्तविक हा रोग दारिद्र्याचा, पाण्याच्या टंचाईचा आणि दवाखान्यापासूनच्या अंतराचा होता. १९९६ नंतरच्या निर्मूलन मोहिमेत आरोग्य कर्मचारी पाड्यापाड्यांवर गेले. देशातील शेवटचे रुग्ण २००३ मध्ये आढळले आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

परंतु बालपणी यॉज झालेल्या व्यक्तीच्या रक्तात त्याची खूण अनेक वर्षे टिकू शकते. व्ही. डी. आर. एल. किंवा टी. पी. एच. ए. या चाचण्या यॉज आणि उपदंश यांत भेद करू शकत नाहीत. एखाद्या प्रौढ गोंड वा कोलाम स्त्रीची चाचणी सदोष आली, तर तिच्या किंवा तिच्या पतीच्या चारित्र्यावर शंका घेण्यास त्यामुळे कोणताही आधार मिळत नाही. अशा एका कागदावरून संसार मोडू शकतो. म्हणून निष्कर्ष डॉक्टरांनी पूर्ववृत्त विचारून काढावा. तो चावडीवर चर्चिला जाऊ नये. शंका असल्यास उपचार मात्र टाळू नयेत.

उपचार अवघड नाहीत. प्रारंभीच्या उपदंशाला बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटांची एक मात्रा सामान्यतः पुरते. मज्जासंस्था बाधित झाल्यावर मात्र रुग्णालयात दहा ते चौदा दिवस शिरेतून पेनिसिलिन द्यावे लागते, आणि तोवर झालेली हानी पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

यावरून गावाचे कर्तव्य स्पष्ट होते. प्रत्येक गर्भवतीची रक्ततपासणी पहिल्या महिन्यांतच व्हावी, कारण हा रोग गर्भालाही होतो. रुग्णाच्या जोडीदारालाही उपचार मिळावेत. मध्यम वयात कोणाची चाल, नजर किंवा स्वभाव अकस्मात पालटला, तर त्याला देवऋषीकडे नेऊन दिवस दवडू नयेत. शिक्षकांनी रोगाची माहिती द्यावी, पंचायतीने दवाखान्यापर्यंतच्या वाहनाची सोय पाहावी आणि दोघांनीही रुग्णाचे नाव गुप्त राखावे. एवढे झाले, तर शहरात किती आणि खेड्यात किती या प्रश्नाचे खरे उत्तर मिळेल. आणि ते मिळेपर्यंत अनेकांची बुद्धी व दृष्टी वाचलेली असेल.