वारुळावरची अळंबी

पाऊस लागला की वारुळावर अळंबी येतात. भाजी मटणासारखी लागते. पण आम्ही मास्तर असूनही एकदा चुकलो. कुरणातल्या पांढऱ्या छत्र्या आणल्या. भाजीतला लसूण काळा पडला नाही, म्हणून खाल्ल्या. घरभर ओकाऱ्या! ती परीक्षाच खोटी. शिजवूनही हे विष मरत नाही. काही छत्र्यांचे विष तर ६ ते १२ तासांनी कळते. त्रास होताच उरलेली भाजी घेऊन दवाखाना गाठावा.

वारुळावरच्या अळंबीचा देठ हळू उकरा. तो मुळीसारखा खोल, वाळवीच्या घरापर्यंत जातो. छत्रीला मधे टोक असते. बुडाशी पिशवी किंवा पापुद्रे हिरवट दिसले, तर घेऊ नका. एवढ्यावरही आम्ही विसंबत नाही. वाडीतल्या जाणत्या आजींनी पाहिल्यावाचून अळंबी आमच्या चुलीवर चढत नाही.