पुण्यातली जपानी बाग आणि आपला कॉमन प्लॉट
(मंडळाच्या वार्षिक सभेत सहलीला गेलेल्या सभासदांच्या वतीने केलेले भाषण)



सहलीचा वृत्तान्त सांगा, असा अध्यक्षांचा आग्रह झाला म्हणून आम्ही उभे आहोत. आम्ही म्हणजे गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलेली 42 माणसे. बोलणारा एक आहे, पण काय बोलायचे ते सगळ्यांनी बसून ठरवले आहे. चुकले तर सगळ्यांच्या माथी.

शनिवारी रात्री पांडेसऱ्यातून लक्झरी निघाली आणि सकाळी पुण्यात सिंहगड रस्त्यावर उभी राहिली. तिथे पु. ल. देशपांडे यांच्या नावाचे उद्यान आहे. पुण्याची आणि जपानमधल्या ओकायामा शहराची मैत्री, तिची ही खूण. 10 एकरांची ही बाग 2006 साली उघडली. पु. लं.नी 'पूर्वरंग'मध्ये जपानबद्दल लिहिले आहे, तेव्हा नाव शोभून दिसते. जपान बघायला विमानाचे तिकीट आपल्या नशिबी कुठले? आम्ही म्हटले, चला, पुण्यातच बघू.

आत गेलो, हिरवळ बघितली आणि आपल्या सवयीप्रमाणे सतरंजी पसरली. कळण्याच्या भाकरीचा डबा उघडायच्या आत शिट्टी वाजली. हिरवळीवर बसायचे नाही, आत खायचे नाही. आमच्यातल्या अप्पांना राग आला. तिकीट काढून आलो आणि टेकायचेही नाही? हे ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की रखवालदाराने ओठांवर बोट ठेवले. आता त्याला काय ठाऊक, की 30 वर्षे लूमवर काढलेला माणूस हळू बोलूच शकत नाही! खात्यात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही. आम्ही सगळेच तसे बोलतो, घरीसुद्धा.

रोज तिथे फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी आमची समजूत काढली. म्हणाले, ही बसायची बाग नाही, चालायची आहे. वाट मुद्दाम वळवलेली असते. तेच तळे पुलावरून एक दिसते, उंचवट्यावरून दुसरे दिसते. मग आम्ही दोघे-दोघे, चौघे-चौघे चालू लागलो. कालव्याचे पाणी आत खेळवले आहे, ते दगडांवरून खाली येते. हळूहळू आमचे आवाज आपोआप उतरले. अप्पा एका छोट्या पुलावर बराच वेळ उभे होते. काय करता विचारले, तर म्हणाले, "काही नाही रे, कान मोकळे करतोय." पुढे कोणी काही विचारले नाही.

मूळ बाग ओकायामाची, नाव कोराकुएन. तिथल्या इकेदा घराण्यातल्या सरदाराने 1687 मध्ये काम सुरू केले, ते 1700 मध्ये पुरे झाले. जपानच्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. आत भाताचे खाचर आहे, चहाचा मळा आहे. नावाचा अर्थ ऐकून आमच्या कार्यकारिणीतले दोघे गप्प झाले: राज्यकर्त्याने चिंता लोकांच्या आधी करावी, सुख मात्र लोकांच्या नंतर भोगावे. 1884 पासून ती सर्वांसाठी खुली आहे. 1934 मध्ये तिथे महापूर आला, 1945 मध्ये बॉम्ब पडले. दोन्ही वेळा लोकांनी जुन्या चित्रांवरून आणि नकाशांवरून ती पुन्हा उभी केली. पूर म्हणजे काय हे सुरतकरांना सांगायला नको. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीने बहुतेक सुरत बुडवले, तेव्हा आपण घरे धुतली, मशिनी सुकवल्या. झाड लावायचे मात्र कोणाला सुचले नाही. त्यात दोष कोणाचा नाही; पोट आधी.

दुपारी कसबा गणपतीचे दर्शन घेतले, मंडईतून तुळशीबागेत गेलो. तिथे भगिनींनी जो वेळ घेतला त्याबद्दल आम्ही न बोललेले बरे. गल्ल्या अरुंद, गर्दी आपल्यासारखीच. एका जुन्या वाड्याच्या चौकात हौद आणि तुळस दिसली. जागा आपल्या कॉमन प्लॉटच्या निम्मीसुद्धा नव्हती.

आता मुद्द्याचे. मागच्या सभेत सगळ्या प्लॉटवर सिमेंट टाकायचा ठराव झाला. मंडपाला चिखल नको, हे कारण खरे आहे. त्या ठरावावर आमच्यापैकी 27 जणांच्या सह्या आहेत. त्या आज आम्ही परत घेत आहोत. आपण राहतो डाइंग मिलच्या शेजारी. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या तर संध्याकाळी त्यांवर काजळी बसते. पोरांना माती बघायची तर गावाला, धुळ्या-जळगावला न्यावे लागते. जपानी बाग आपल्याला परवडणार नाही आणि नकोही आहे. मागच्या भिंतीलगतची 12 फूट पट्टी तेवढी सोडा. दोन कडुनिंब, एक बकुळ, आणि त्यांच्यामधून एक वाकडी वाट. मंडप उरलेल्या जागेत मावतो, आम्ही दोरी धरून मोजले आहे. पाण्याची टाकी धुताना जे पाणी वाया जाते ते झाडांना जाईल.

खड्डे आम्ही खणू. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी 7 वाजता कुदळ-फावडे घेऊन यावे. रात्रपाळी करून येणाऱ्यांनी आधी झोप काढावी, ते 10 वाजता आले तरी चालेल. शिट्टी अप्पांकडे राहील.