१९८५ सालचे दोन निकाल



झोपडी पाडायची नोटीस म्हणजे काय, हे मच्छीमार नगरात आम्ही सांगायला नको. म्हणून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ सालाविषयी बोलतो.

एप्रिलात इंदूरच्या शहाबानो या तलाक झालेल्या वृद्ध बाईंची पोटगी कोर्टाने कायम केली. महिना १७९ रुपये २० पैसे! पुढच्याच वर्षी सरकारने कायदा बदलला, ती गोष्ट निराळी.

दुसरा निकाल आपल्या मुंबईचा. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, फूटपाथवरच्या लोकांना उठवून गावी धाडायचे सरकारने जाहीर केले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही झोपडीवाले कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि चार न्यायमूर्तींनी निकाल दिला. रोजीरोटी गेली तर माणूस जगेल कसा? तेव्हा जगण्याच्या हक्कात रोजीरोटीही आली.

पण मंडळी, पुरते ऐका. फूटपाथवर राहायचा हक्क काही मिळाला नाही. नोटीस देऊन हलवा, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, थांबा, एवढेच. १९७६ च्या झोपडीगणतीत ज्यांना ओळखपत्र मिळाले होते, त्यांना मात्र दुसरी जागा द्या, असे कोर्ट म्हणाले.

ज्याचे ते कार्ड पावसात भिजून गेले, त्याने काय दाखवावे? तुमचे जुने कागद कुठे आहेत? आज घरी गेल्यावर पेटी उघडा. त्यावरचे नाव आणि साल आता तुम्हीच वाचा.