गळ कोणता ते नंतर, पाणी कोणाचे ते आधी

(बेंगळुरू येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



महागाई भत्ता आणि पेन्शन हे विषय सकाळी झाले. आता आम्ही जो विषय घेणार आहोत तो ऐकून काहींना हसू येईल. विषय आहे मासे गरवण्याचा. आपल्यातले बरेचजण रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कारवारकडचे. साप्ताहिक सुट्टीला गळकाठी, दोरी, चार शिसे आणि डबाभर गांडुळे घेऊन पाण्यावर बसायचे, ही लहानपणापासूनची सवय. अशाच एका ट्रॅकमन बांधवाला मध्यंतरी कावेरीकाठी पहारेकऱ्याने अडवले, काठी काढून घेतली आणि कागद काहीच दिला नाही. बांधव शाखेत आला आणि विचारू लागला, "साहेब, किती नंबरच्या गळाला परवानगी आहे?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. कोणी सांगतो एका काठीला एकच गळ चालतो. कोणी सांगतो उलटा काटा नसलेला गळ चालतो. कोणी तर छातीठोकपणे सांगतो की मासा परत पाण्यात सोडला की गुन्हाच होत नाही. सगळे ऐकीव. आपण जी अँड एस आर पाठ करणारी माणसे, सिग्नलच्या बाबतीत ऐकीव चालवून घेत नाही. मग इथे का घ्यावे?

म्हणून आम्ही कायदे काढून बसलो. ब्रिटिश सरकारने १८९७ साली मासेमारीचा कायदा केला, अवघ्या सात कलमांचा. सुरुंगाची दारू लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा त्यात गुन्हा ठरला. पुढे सरकारला नियम करण्याचा अधिकार दिला तो कशाबद्दल? पाण्यात रोवलेले सापळे, बांध, आणि जाळ्यांचा आकार व प्रकार. त्या यादीत गळाचे नावच नाही. हातात दोरी धरून बसलेल्या माणसापासून नदीला धोका आहे असे त्या साहेबांनाही वाटले नव्हते.

मग आमच्या बांधवाची काठी गेली कशी? तो गळामुळे अडकला नाही, जागेमुळे अडकला. संगम, मुत्तत्ती, भीमेश्वरी हा कावेरीचा पट्टा १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथे मासेमारीचा नव्हे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो. त्या कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली, ती २००३ पासून अमलात आली, आणि 'प्राणी' या शब्दाच्या व्याख्येत मासा आला. 'शिकार' या शब्दात पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे आणि यांतले काहीही करण्याचा प्रयत्न करणे, एवढे सगळे येते. आता बघा. गळाचा नंबर काहीही असो, काटा असो वा नसो, मासा लागो न लागो, लागलेला सोडून द्या की घरी न्या. आमिष लावून दोरी पाण्यात टाकली की व्याख्या पूर्ण झाली. आणि अभयारण्यातल्या शिकारीला शिक्षा आहे किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कैद.

बांधवांनो, आपल्यासाठी याच्यापुढे आणखी एक पायरी आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नाही. अटक होऊन कोठडीत ४८ तासांपेक्षा जास्त काळ गेला, तर रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतील नियम ५ प्रमाणे तुम्ही निलंबित झालात असे मानले जाते. टपालवाल्यांना हेच १९६५ च्या नियमांतील नियम १० प्रमाणे. (ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी स्वतंत्र विचारावे.) अटक झाल्याचे वरिष्ठांना तातडीने कळवणे हेही तुमच्यावर बंधनकारक. गुन्हा शाबित झाला तर खात्याला रीतसर चौकशी न करताही शिक्षा देता येते. एका रविवारच्या मासळीसाठी तीस वर्षांची नोकरी टांगणीला लागते.

कायदा असा आहे म्हणून तो शहाणपणाचा आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. कावेरीतला मोठा मासा म्हणजे महसीर, देशावर ज्याच्या जातभाईला खडस म्हणतात. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंजेन घराण्यातल्या एकाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर गळाला लावला होता. पुढे याच पट्ट्यात भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमाकळी इथे मासेमारीच्या छावण्या चालल्या. मासा गळाला लावायचा, वजन करायचे आणि सोडून द्यायचा. वाटाडे म्हणून काठावरच्या गावातलीच माणसे होती, काही तर पूर्वी चोरून मासे मारणारी. त्यांच्या वावरामुळे सुरुंग लावणाऱ्यांवर वचक होता. २०१० नंतरच्या काळात गळ टाकणे बंद झाले आणि त्या माणसांचे ते काम गेले. २०१८ साली कावेरीतला कुबडाचा महसीर अति संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत गेला. एकट्या बंदीने तो वाचेल असे आम्हाला वाटत नाही. धरणे, वाळूउपसा, सुरुंग यांना कोण विचारतो? पण नियम बदलून घेण्याची वाट निराळी आणि रात्री काठी घेऊन तिथे जाऊन बसणे निराळे.

अभयारण्याबाहेरचे तळे असेल तर प्रश्न सोपा होतो. मासेमारीचा हक्क बहुधा ठेक्याने दिलेला असतो, ठेकेदाराला किंवा सहकारी संस्थेला. त्यांना विचारल्याशिवाय टाकलेला गळ म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले कणीस.

गावी समुद्रावर गेलात की हिशेब आणखी बदलतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा, म्हणजे महाराष्ट्रात १९८१ चा आणि कर्नाटकात १९८६ चा. त्यापलीकडे केंद्र सरकार. पश्चिम किनाऱ्यावर २०१५ पासून १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी चालत आली आहे, पण ती यांत्रिक नौकांना. बिनइंजिनाच्या पारंपरिक होडीला तीत सूट आहे. महाराष्ट्राच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाचा रोख पर्ससीनवर आहे: सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने आणि जाळ्याचा आस २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. खडकावर बसून गरवणाऱ्याने या आदेशाने घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याने एवढेच बघावे की ती जागा कुठल्या बंदराच्या किंवा नौदलाच्या हद्दीत तर नाही.

आता कामाचे. वनखात्याकडे शाखेतर्फे निवेदन द्यायचे आहे, की अभयारण्याची हद्द आणि गळाची बंदी काठावरच्या फलकांवर कन्नड, मराठी, तमिळ अशा सगळ्या भाषांत लिहावी. कोणी अडवले तर हुज्जत घालू नका, पळू तर अजिबात नका. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली अडवता ते विचारा. वस्तू घेतली तर पंचनाम्याची प्रत किंवा पावती मागा, तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा आणि त्याच दिवशी शाखेला फोन करा. त्या ट्रॅकमन बांधवाच्या काठीचा अर्ज आम्ही तयार केला आहे. सही करायला तो ड्युटी सुटल्यावर येतो आहे.