वाटेवरचें जेवण

श्रोतेहो, प्रवासांतील जेवण हा विषय आपणांस कांहींसा क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. किल्ले, देवालयें, नद्यांचे घाट यांचीं वर्णनें करावयाचीं सोडून मनुष्यानें वाटेंत आपण काय जेवलों हें सांगत बसावें, यांत शोभा ती कोणती? परंतु उभें आयुष्य मुलांना शिकविण्यांत घालविल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे कीं, समाजाची परीक्षा वाटेवरच्या खाणावळीच्या बांकावर जितकी होते, तितकी अन्यत्र क्वचितच होते.

नांदेडहून लातुराकडे जाणारा रस्ता लोहा, माळेगांव, अहमदपूर, चाकूर अशीं गांवें घेत जातो. हा सारा मुलूख पूर्वीं निजामाच्या राज्यांत होता. 1932 सालीं निजाम सरकारनें 27 मोटारी घेऊन संस्थानांत प्रवासी वाहतुकीचें खातें सुरू केलें. त्याआधीं वाटसरू शिदोरी बांधून निघे आणि एखाद्या विहिरीच्या कांठीं, झाडाच्या सावलींत ती सोडी. शिदोरीचा एक गुण असा कीं, ती कोणाच्या हातची आहे हें ठाऊक असे, आणि शेजारीं कोण बसला आहे याची पंचाईत करावी लागत नसे. मोटारी आल्या, थांबे आले, थांब्यांच्या आसऱ्यानें चहाचीं दुकानें व खाणावळी आल्या. आणि ज्यांनीं एकमेकांच्या घरचें पाणी कधीं घेतलें नव्हतें, अशीं माणसें एकाच छपराखालीं भुकेलेलीं येऊन उभीं राहिलीं. शिदोरीनें टाळलेला प्रश्न खाणावळीनें उभा केला.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही उभयतां एका नातलगाच्या घरच्या कार्यासाठीं लातुरास निघालों होतों. माळेगांवची खंडोबाची यात्रा चार दिवसांवर आली होती, त्यामुळें विक्रीचीं घोडीं आणि गाढवें घेऊन चाललेले लोक रस्त्यानें भेटत होते. दोन्ही बाजूंस तूर शेंगांनीं लवली होती आणि मधूनमधून रब्बीची ज्वारी पोटऱ्यांत आली होती. दुपार कलली तसे आम्ही एका मोठ्या, रंगीत दिव्यांच्या उपाहारगृहापाशीं थांबलों. मीं भाकरी मागितली. पोऱ्या म्हणाला, “भाकर न्हाई, रोटी हाय. नान बी हाय.”

ज्वारीच्या शिवारांत बसून ज्वारीची भाकरी मिळूं नये, याचें प्रथम नवल वाटलें. पण विचार करतां कारण ध्यानांत आलें. मैद्यास अंगचाच एक चिवटपणा असतो. तो सकाळीं मळून ठेवला तर दुपारपर्यंत बिघडत नाहीं, उलट मुरतो; एक आचारी त्यावर शंभर माणसांचें भागवूं शकतो. ज्वारीच्या पिठांत तो चिवटपणा नाहीं. ऊन पाण्यांत एका भाकरीपुरतेंच पीठ मळावें, लागलीच परातींत थापावें, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवावा, आणि मग निखाऱ्यावर फुगवावी. गोळा ठेवून दिला कीं भाकरी चिरते. म्हणजे प्रत्येक भाकरीस एका माणसाचें संपूर्ण लक्ष द्यावें लागतें. त्यांतच गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खरिपाच्या शेतांत सोयाबीन आलें आणि ज्वारी मागें हटली. मोठ्या उपाहारगृहास हा व्यवहार कसा परवडावा?

अहमदपूर मागें पडल्यावर पत्र्याचें एक छप्पर दिसलें. पाटी नव्हती, धूर होता. एक म्हातारी चुलीपुढें बसली होती. समोर दोन बांक. पिठलें, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी तयार होती. परंतु पीठ नुकतेंच संपलेलें. “दळण यायलंय बघा, जरा दम धरा,” म्हातारी म्हणाली.

आम्ही बसलों. त्याच बांकावर एक मजूर आला. त्यानें फडक्यांत बांधलेल्या स्वत:च्या भाकरी सोडल्या आणि केवळ कालवण मागितलें. म्हातारीनें पिठलें वाढलें, वर कांदा फोडून ठेवला, पैसे मात्र पिठल्यापुरतेच सांगितले. आमचीं रिकामीं ताटें पाहून त्या गृहस्थानें दोन भाकरी उचलल्या आणि एक माझ्या व एक माझ्या पत्नीच्या ताटांत ठेवली. मीं पैशांची गोष्ट काढतांच तो हंसला. “घ्या की दादा, घरची हाय. भाकरीचे कुठं पैसे असतेत व्हय?”

श्रोतेहो, खोटें कशास बोलूं? ती भाकरी मोडतांना माझा हात क्षणभर थबकला. हा कोण असावा, हा प्रश्न मनांत येऊन गेला. तो केवळ क्षणच होता. पण त्या क्षणीं मला बावन्न-त्रेपन्न वर्षांपूर्वींचा एक कप आठवला.

1972 सालच्या दुष्काळाच्या दिवसांत मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेस तालुक्याच्या गांवीं गेलों होतों. बरोबर माझ्याच वर्गांतला एक मुलगा होता, माझ्यापेक्षां हुशार. परीक्षा आटोपल्यावर आम्हांला चहा पाजण्यासाठीं एका हॉटेलांत नेण्यांत आलें. मी आंत बांकावर बसलों. त्याला पायरीवर बसविलें. भिंतीच्या कोनाड्यांत कान तुटलेला एक कप होता, त्यांत त्याला वरून चहा ओतला. चहा पिऊन त्यानें तो कप स्वत:च विसळला आणि होता तेथें ठेवला. कोणीं सांगितलें नव्हतें. त्याला तें ठाऊक होतें. मी आंत शेव खात होतों. मीं कांहीं बोललों नाहीं, आणि तोही परतीच्या वाटेवर माझ्याशीं कांहीं बोलला नाहीं.

26 जानेवारी 1950 पासून अमलांत आलेल्या भारतीय संविधानाच्या 17 व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि 15 व्या कलमानें उपाहारगृहांत जातीच्या कारणावरून कोणासही मज्जाव करतां येणार नाहीं असें ठरविलें. 1955 सालीं त्यासाठीं शिक्षेचा कायदाही झाला. म्हणजे तो कप कोनाड्यांत होता तेव्हां कायद्यास सतरा वर्षें झालीं होतीं. पुढें शिक्षक होऊन मीं हीं कलमें मुलांकडून पाठ करून घेतलीं. त्या कपाची हकीकत मात्र एकाही वर्गाला सांगितली नाहीं.

नांदेडच्या रहिवाशास समतेचा धडा शोधावयास दूर जावें लागत नाहीं. 1708 सालीं गुरु गोविंदसिंहांनीं जेथें देह ठेवला, तेथें सचखंड गुरुद्वाऱ्यांत लंगर चालतो. हमाल आणि सावकार एका पंगतींत जमिनीवर बसतात. नांव-गांव कोणी पुसत नाहीं. आम्ही नांदेडकर तेथें श्रद्धेनें जेवतों. पण तेथील समता ही त्या पवित्र जागेची रीत आहे असें मानून उंबरठ्याबाहेर पडतांना ती तेथेंच ठेवून येतों. रस्त्यावरच्या खाणावळींत पावित्र्य नाहीं, आज्ञा नाहीं. तेथें मनुष्य केवळ भुकेला असतो. म्हणूनच खरी कसोटी तेथें लागते. चांगली खाणावळ ‘काय खाणार?’ एवढेंच विचारते, ‘कोण?’ हें विचारीत नाहीं. त्या म्हातारीनें आम्हां तिघांस तेवढेंच विचारलें होतें.

भाकरी आम्ही खाल्ली. ती गार होती, किंचित् कडक झाली होती, आणि फार चांगली होती. दळण आल्यावर म्हातारीनें ऊन भाकरी केल्या. त्यांतील दोन मीं त्या गृहस्थाच्या ताटांत वाढल्या. त्यानें मुकाट्यानें घेतल्या. त्याचें आडनांव मीं विचारलें नाहीं, त्यानेंही माझें विचारलें नाहीं.

आतां शेवटची गोष्ट. आपल्या सुशिक्षित घरांतून कोनाडे गेले, सुंदर फडताळें आलीं. परंतु भांडीं घासावयास येणाऱ्या बाईसाठीं अगदीं खालच्या फळीवर निराळा ठेवलेला एक कप पुष्कळ घरांत आढळतो. आमच्याही घरांत होता. तो तेथें केव्हां आला, कोणीं ठेवला, हें आम्हां दोघांपैकीं कोणासही सांगतां आलें नसतें. लातुराहून परतल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं माझ्या पत्नीनें चहा गाळला, तीन कप एकाच ताटलींत मांडले, आणि बाईंना आमच्याजवळ बसावयास सांगितलें. बाई थोडा वेळ उभ्याच राहिल्या. मग बसल्या. खालच्या फळीवरचा तो कप मीं त्याच दिवशीं काढून टाकला. तो कान तुटलेला नव्हता, एवढाच काय तो फरक.